'कन्व्हिक्शन' गुन्ह्यातही आणि ठाम मतातही, हे कसं?

प्रुफवाली: एका दैनिकाची प्रुफं तपासते. आज एकाच पानावर दोन 'कन्व्हिक्शन' आले. बातमीत 'कन्व्हिक्शन रेट वाढला', त्याचं दोषसिद्धीचं प्रमाण केलं. खाली मुलाखतीत नटबुवा म्हणतात, 'भूमिका पूर्ण कन्व्हिक्शनने केली.' इथे दोषसिद्धी लिहिली तर बुवा आत जातील! ठाम विश्वास आणि गुन्हा शाबीत होणं एका शब्दात शिरलं कसं?

शिरस्तेदार: नोकरी कोर्टात गेली, म्हणून सांगतो. दोन्हीत कोर्टातला अर्थ थोरला. मूळ लॅटिन 'कन्व्हिन्केरे'. त्यातलं 'विन्केरे' म्हणजे जिंकणं. 'व्हिक्टरी', 'इन्व्हिन्सिबल' त्याच घरातले. 'कन' नुसता जोर द्यायला. आधी पुरता पाडाव करणं, मग वादात हरवणं, मग पुरावा मांडून आरोप शाबीत करणं. इंग्रजीत १५व्या शतकापासून हा शब्द दोषी ठरवण्यासाठी आहे. मनातल्या पक्क्या मताला तो लागला १७व्या शतकात. पुराव्यापुढे आरोपीची बोलती बंद होते, तशी इथे आपल्याच शंकांची.

रंगपट: 'कन्व्हिन्स'ची तर आणखी गंमत. शेक्सपियरच्या 'मॅकबेथ' नाटकात पहिल्या अंकात लेडी मॅकबेथ म्हणते, राजा डंकनच्या दोन सेवकांना दारू पाजून 'कन्व्हिन्स' करीन. कॉलेजात आम्ही अर्थ लावला, गोडीगुलाबीने पटवणार. छे, बाई त्यांना चीत करणार होती! १६११च्या इंग्रजी बायबलात येशू विचारतो, तुमच्यापैकी कोण मला पापाबद्दल 'कन्व्हिन्स' करतो? म्हणजे कोण मला पापी शाबीत करतो. नटाचं म्हणाल तर 'ठाम विश्वासाने' नको, भाषण ठोकल्यासारखं वाटतं.

प्रुफवाली: म्हणजे ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर स्वतःला 'कन्व्हिक्शन पॉलिटिशियन' म्हणवत, ते दोषी पुढारी नव्हे! आमचा एक उपसंपादक तेही करून बसला असता.

शिरस्तेदार: थॅचरबाईंना 'तत्त्वाला चिकटून राहणाऱ्या' म्हणा. आणि मराठीतही हे दोन अर्थ अगदीच परके नाहीत बरं. तुरुंगात खटला चालू असलेला तो कच्चा कैदी, शिक्षा लागली की पक्का. मतही पक्कंच असतं की. कागदोपत्री मात्र न्यायाधीन बंदी आणि सिद्धदोष बंदी लिहायचं, बातमीत घोटाळा नको.

प्रुफवाली: नटाचं 'भूमिका मनापासून पटली होती, तशीच केली' असं केलं. पान गेलं छपाईला.