वाकोशी स्टेशनात मेट्रो पण आणि तोबू पण, आई-बाबांनी कुठली गाडी धरायची?

होटगीरोडकर:
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ जपानात वाकोला नोकरीला आहे, टोकियोला अगदी लागून पण प्रांत सायतामा. आई-बाबा सोलापुरातनं दोन महिन्यांसाठी चाललेत आणि भाऊ दिवसभर कामावर, म्हणजे टोकियोतल्या इकेबुकुरो स्टेशनपर्यंत जाणं-येणं दोघांनाच करायचंय. भाऊ सांगतोय की वाकोशी स्टेशनात तोबू कंपनीची प्रायव्हेट लाईन आणि मेट्रोच्या युराकुचो आणि फुकुतोशिन अशा दोन लाईनी आहेत, शिवाय मेट्रोची गाडी पुढं तोबूच्याच रुळावर जाते. बाबा रेल्वेतनं रिटायर झालेत, ते म्हणतात दुसऱ्याच्या रुळावर गाडी घातली तर पैसे कोण कुणाला देणार. ते राहू द्या, दोघं चुकू नयेत एवढंच बघायचंय.

शेंगाचटणी:
मी त्याच लाईनला तीन वर्षं राहिलोय ओ, घाबरू नका. वाकोशीहून जाताना सोपं आहे, मधल्या दोन रुळांवर मेट्रो आणि बाहेरच्या दोनवर तोबू, प्लॅटफॉर्म तोच, नुसतं समोर चालत जायचं. इकेबुकुरोला दोन्ही जातात. तोबूची एक्स्प्रेस मध्ये फक्त नारिमासूला थांबते, मेट्रो मध्ये ७ स्टेशनं घेते.
घोळ येताना होतो. इकेबुकुरोहून मेट्रो धरली तर कोताके-मुकाईहाराला लाईन फुटते आणि काही गाड्या सेइबू नावाच्या तिसऱ्याच कंपनीच्या रुळावर जातात. पाटीवर हान्नो, तोकोरोझावा, कोतेसाशी असलं काही दिसलं तर चढायचं नाही. वाकोशी, शिकी, कावागोएशी, शिनरिन-कोएन असेल तर बिनधास्त बसा. डब्याचा रंग बघून ठरवू नका कारण मेट्रोचे डबे तोबूवर आणि तोबूचे मेट्रोवर सर्रास फिरतात. मी पहिल्याच आठवड्यात झोपेत सेइबूवर जाऊन आलोय.
खरं सांगू का, येताना तोबूच धरा, गाडी इकेबुकुरोहूनच सुटते, बसायला जागा मिळते. फक्त टीजे लायनरमध्ये चढू नका, तिला सीटचं वेगळं तिकीट लागतं आणि ती वाकोशीला थांबतच नाही.

कुर्डुवाडी_जंक्शन:
बाबांचा प्रश्न बरोबर आहे. तिथं कोणाची गाडी कोणाच्या रुळावर किती किलोमीटर धावली याचा हिशोब ठेवतात आणि दोन्हीकडची बेरीज शक्यतो सारखी पडेल अशा गाड्या लावतात, म्हणजे पैसे फार द्यायला-घ्यायला नकोत. ड्रायव्हर मात्र वाकोशीला बदलतो, आपल्या हद्दीत आपला माणूस.
हे जमतं कारण दोघांचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, एकच, १०६७ मिमी, आणि वरून करंट १५०० व्होल्ट डीसी. आपल्या जुन्या विजापूर मीटरगेजपेक्षा ६७ मिमीच जास्त, आणि त्यावर १० डब्यांची गाडी पळवतात बघा! टोकियोची १९२७ची गिन्झा लाईन मात्र यात बसत नाही, तिचं गेज १४३५ आणि करंट बाजूच्या तिसऱ्या रुळातून. आम्ही कुर्डुवाडीला ब्रॉडगेजवरनं उतरून बार्शी लाईटच्या ७६२च्या डब्यात बोचकी टाकलेली माणसं, गेज वेगळं असलं की काय होतं ते आम्हाला विचारा.

माळीण_ताई:
आईंसाठी एक सांगते. गेटवर टेकवायचं रेल्वेचं कार्ड घ्या, पास्मो किंवा सुइका, म्हणजे तिकीट कुठल्या कंपनीचं हा प्रश्नच मिटला. पण वाकोशीच्या पुढं, समजा असाकाला जायचं असेल तर इकेबुकुरोहून सरळ तोबूनेच जा, मेट्रोनं गेलात तर दोन कंपन्यांचं भाडं धरतात आणि महाग पडतं. आणि नारिमासू वेगळं, चिकातेत्सु-नारिमासू वेगळं, चिकातेत्सु म्हणजे भुयारी रेल्वे. भाचीला भेटायला गेले तेव्हा मी एका ठिकाणी आणि ती दुसऱ्या ठिकाणी उभी.

होटगीरोडकर:
लय आभार सगळ्यांचे. पाट्यांची नावं मराठीत लिहून आईच्या पर्समध्ये ठेवलीत. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणतात ड्रायव्हर बदलतो ते बघायला मी प्लॅटफॉर्मवर थांबणार. आई म्हणाली, थांबा, मी पुढच्या गाडीनं जाते.