चित्रकार्डांमुळे बोलणं थांबत नाही
एका ताईंना भीती वाटतेय की स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला हवं ते मागायला चित्रकार्डं दिली तर तो बोलायचा कंटाळा करेल. आमच्या स्वमग्न भाच्याचं उलटंच झालं. 'पाणी'चं कार्ड हातात देता यायला लागलं तसं त्याचं डोकं आपटणं कमी झालं. शब्द नंतर आले, तेही आधी जाहिरातीतले, जसेच्या तसे. (ती नुसती पोपटपंची नसते बरं का. भूक लागली की हा बिस्किटाची जाहिरात म्हणायचा!) कुकरची शिट्टी होणार हे आधी सांगायचं, एवढ्यानेही रडारड थांबली.

आणि हो, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, तेव्हा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढून ठेवा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'निरामय' आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण आहे, त्यात थेरपीचाही काही खर्च बसतो.