हब्बानिया अमेरिकन नव्हे, ब्रिटिशांचा

कोणीतरी इराकचा हब्बानिया हवाई तळ अमेरिकनांनी बांधला असं लिहिलंय, तसं नाहीये हो. तो ब्रिटिशांचा, १९३६ ला सुरू झाला, आधी नाव धिब्बान होतं, ३८ मध्ये हब्बानिया केलं. शेजारच्या तलावात इंपिरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीची सीप्लेन्स उतरायची, वाळवंटात बरं का!

खरी मजा मे १९४१ ची. इराकमध्ये बंड करून सत्तेवर आलेल्या ब्रिटिशविरोधी रशीद अलीचं सैन्य समोरच्या पठारावर तोफा लावून बसलं, आणि तळावर मुख्यतः ट्रेनिंगची जुनी विमानं, मग त्यांनाच बॉम्बचे रॅक लावले, तोफांना दिसू नये म्हणून काही विमानं झाडांआडच्या पोलो ग्राउंडवरून उडवली आणि चारपाच दिवसांत पठार रिकामं! ब्रिटिश शेवटी १९५९ ला गेले.