इकोसिस्टिम सर्व्हिसेसला मराठीत काय म्हणायचं?

खाडीकाठची (ठाणे): एका अहवालाचं मराठी करतेय. खाडीचा कुठला पट्टा काय देतो (मासळी, पुराला आडोसा, पक्षी) ते नकाशावर दाखवायचं, त्याचा हिशेब मांडायचा, आणि त्यावरून भराव कुठे टाकू द्यायचा नि कुठे नाही ते ठरवायचं, असा विषय. माझं शीर्षक झालं 'परिसंस्था सेवांचे नकाशांकन व मूल्यांकन'. गेल्या आठवड्यात कोळीवाड्यात वाचून दाखवलं. 'पुरवठा सेवा' म्हटल्यावर एक मावशी म्हणाल्या, "रेशनचं काय?" 'नियामक सेवा' आली तर एका काकांनी होडीच्या परवान्याचे कागदच पुढे केले. सुचवा काहीतरी.

शब्दखोर: पुरवठा, नियामक, सांस्कृतिक आणि आधारभूत हे चार कप्पे २००५ च्या मिलेनियम इकोसिस्टिम असेसमेंटपासून रूढ झालेत. साहेबलोकांच्या प्रतीत राहू देत. मला 'सेवा'च खटकते. मराठीत सेवा देवाची, सासूची, नाहीतर सरकारची. करणारा खाली, घेणारा वर. खाडी कधीपासून आपल्या चाकरीला लागली? 'खाडीचं देणं' म्हणा.

ऐरोलीकर: देणं म्हणजे कर्जही ना? खाडीनं दिलेलं, की खाडीला द्यायचं राहिलेलं?

शब्दखोर: म्हणून तर!

निवृत्त भूकरमापक (बेलापूर): नोकरीभर मोजणी केली, म्हणून बोलतो. 'मूल्यांकन' म्हटलं की लोकांना बँकेचा माणूस फ्लॅट बघायला आलेला दिसतो, 'मूल्यमापन' म्हटलं की शाळा. महसुलात शब्द आहे 'आकारणी'. सातबाऱ्यावर जी जमीन लागवडीला येत नाही ती 'पोटखराबा', तिला आकार, म्हणजे सारा, नाही. यातलं 'पोट' म्हणजे आतला भाग, जसं पोटहिस्सा, पोटकलम. गटाच्या पोटातली खराब जमीन. खाजणाचे (भरतीच्या पाण्याखाली येणाऱ्या खाऱ्या जमिनीचे) किती तुकडे मी स्वतः त्या रकान्यात पाहिलेत! त्याच चिखलात बायका गुडघाभर उतरून चिंबोऱ्या काढत होत्या, आणि आमच्या कागदावर तो खराबा. तुमचा अहवाल बहुधा हाच रकाना दुरुस्त करायला निघालाय.

खाडीकाठची: काका, हे बैठकीत सांगायला हवं होतं. मग 'आकारणी' वापरू?

निवृत्त भूकरमापक: नको बाई. आकारणी म्हटलं की सारा भरावा लागणार असं वाटेल.

ऐरोलीकर: 'किंमत' तर अजिबात नको. वनजमीन दुसऱ्या कामाला देताना हेक्टरी 'निव्वळ वर्तमान मूल्य' भरून घेतात, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निकाल आहे. मागची कल्पना नुकसानभरपाईची, पण लोकांच्या कानावर येतं ते एवढंच: पैसे भरा नि तोडा. मी 'मोल' घेईन.

शब्दखोर: मोल हे मूल्याचंच घासून गुळगुळीत झालेलं रूप, पण त्याला घामाचा वास आहे: मोलमजुरी, मोलकरीण. किंमत विचारतात, मोल जाणतात. आणि खाजणावर भराव पडला की ते मातीमोल होतं, इथे तर शब्दशः.

ऐरोलीकर: नकाशाच्या सूचीत काय लिहिलंय? 'कांदळवन' (मॅन्ग्रोव्हचं सरकारी नाव) असेल तर एक खुसपट काढतो. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याच्या (२०१५) सुमारे १,६९० हेक्टरांत ८९६ हेक्टर कांदळवन, बाकीचं पाणी. पण कांदळ हे वेगळं झाड. आपल्या खाडीत बहुतेक सगळी तिवरं. गावातला माणूस त्या हिरव्या रंगावर बोट ठेवून म्हणेल, "इथं कांदळ कुठाय?"

खाडीकाठची: म्हणालेच एक आजोबा! सूचीत आता 'कांदळवन (तिवरं)'. गावच्या प्रतीवर शीर्षक 'खाडीचं देणं : नकाशा आणि हिशेब', परिसंस्था सेवा खाली बारीक अक्षरांत. 'नियामक'च्या जागी 'भरती-पुराला आडोसा'. राहिला शेवटचा रकाना. मासळीचे रुपये काढता येतात. पण पूर्वजांचं ठाणं, नारळी पौर्णिमेचा काठ, यापुढे काय लिहू? सध्या रिकामं सोडलंय.

निवृत्त भूकरमापक: रिकामं अजिबात सोडू नका. आमच्या खात्यात रिकामं म्हणजे शून्यच वाचतात.

खाडीकाठची: बरं, 'रुपयांत मोजलेलं नाही' असं लिहिते. आणि जाता जाता : निवटीचं (चिखलात उड्या मारणारा मासा) अनेकवचन निवट्या की निवटे? बैठकीत दोन्ही ऐकू आलं.