मदत हवी आहे: लेक युएन्डमूला 'सेवा-शिक्षण' दौऱ्यावर चालली आहे, पैसे गोळा करावेत का?

ओवीची_आई:
नमस्कार मंडळी, मेलबर्नहून लिहितेय. धाकटी ऑक्युपेशनल थेरपीच्या (रोजची कामं स्वतःची स्वतः जमावीत म्हणून करायचे उपचार) दुसऱ्या वर्षाला आहे. जुलैच्या सुट्टीत विद्यापीठाचा एक गट युएन्डमूला चाललाय. अ‍ॅलिस स्प्रिंग्जपासून वायव्येला, तनामी रस्त्याने साधारण तीनशे किलोमीटर. वार्लपिरी या ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांची वस्ती. दोन आठवडे राहायचं, मुलांचे खेळ घ्यायचे, एका इमारतीला रंग द्यायचा, परत येऊन निबंध लिहायचा. त्याचे क्रेडिट मिळतात. खर्च साडेतीन हजार डॉलर, त्यातला निम्मा मुलांनी निधी जमवून उभा करायचा. तेव्हा महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात मंडळातर्फे वडापावचा स्टॉल लावू, असा तिचा हट्ट.

स्टॉल लावायला माझी ना नाही. पण माहितीपत्रकभर लाल माती आणि मुलांना कडेवर घेतलेल्या विद्यार्थिनी. इमारतीला रंग द्या असं कुणी सांगितलं, याचा कुठे उल्लेख नाही. आमचे हे म्हणतात, आपल्या एनएसएसच्या शिबिरासारखंच आहे: सात दिवस श्रमदान, रात्री शेकोटी, आणि आपल्याला जेवू घालून गावकरीच दमलेले. ते चेष्टेत म्हणाले, पण मला ते लागलं.

कुणी तिकडे काम केलंय का? अशा दौऱ्याचा वस्तीला काही उपयोग होतो, की त्रासच? आणि तिला काय सांगून पाठवू?

लालमाती:
ताई, मी नॉर्दर्न टेरिटरीतल्या दुर्गम दवाखान्यांत नर्स होते. पैशाचं मागाहून बघा, आधी एक विचारा: बोलावलंय कुणी? शाळेने, वस्तीतल्या आर्ट सेंटरने (चित्रकारांचं केंद्र) की वडीलधाऱ्यांनी? नाव सांगता आलं नाही तर समजून जा. रंगाचं काम तिथल्याच पोरांना पगारावर देता येतं, विद्यार्थ्यांनी ते फुकट करणं म्हणजे कुणाची तरी मजुरी बुडवणं. चांगल्या कार्यक्रमात उलट असतं. भाषा शिकवणाऱ्या, रानात घेऊन जाणाऱ्या आज्यांना त्यांच्या वेळेचे पैसे मिळतात आणि विद्यार्थी शिकायला आलेले असतात. तुमच्या साडेतीन हजारांतले वस्तीत किती राहतात, हे बिनधास्त विचारा.

आणखी एक. तिथल्या शाळांनाही जूनअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. तारखा पडताळून बघा, नाहीतर शाळेत पोरं नाहीत आणि हे चेंडू घेऊन उभे.

वस्तीत कुणी वारलं तर 'सॉरी बिझनेस', म्हणजे दुखवटा, सुरू होतो. कामं थांबतात, कुटुंबंच्या कुटुंबं हलतात, गेलेल्याचं नाव घेत नाहीत. त्याच नावाच्या जिवंत माणसालाही मग 'कुमंजायी' म्हणतात. अशा वेळी दौरा आयत्या वेळी रद्द होतो, आणि व्हायलाच हवा. पैसे परत मिळणार का ते लिहून घ्या.

ओवीची_आई:
बापरे, शाळेच्या सुट्टीचं डोक्यातच आलं नव्हतं. खेळ म्हणे शाळेतच घ्यायचेत! बाकी कागदपत्रं?

तनामी_ते_ताम्हिणी:
मुलांबरोबर काम असेल तर टेरिटरीचं वेगळं ओळखपत्र असतं, ओकर कार्ड. व्हिक्टोरियाच्या कार्डावर विसंबू नका, विद्यापीठाला आत्ताच विचारा, वेळ लागतो. वस्तीबाहेर रानात जायचं तर सेंट्रल लँड काउन्सिलचा (मूळ रहिवाशांच्या जमिनींचं काम बघणारी संस्था) परवाना लागतो. १९७६ च्या कायद्याने ती जमीन तिथल्या मूळ मालकांच्या नावे आहे. दारू नेऊच नये, दंड जबर आहे. जुलैत रात्री पारा कधी शून्याजवळही येतो, चांगली स्लीपिंग बॅग द्या. फोनला टेल्स्ट्रा कंपनीचं सिम. विचारल्याशिवाय फोटो नाही, मुलांचे तर नाहीच. कपडे सैल, गुडघ्याखाली.

तिच्या विषयाचं सांगतो, कारण चुका इथेच होतात. मुलांची घरची भाषा वार्लपिरी. १९७४ पासून तिथली शाळा दोन्ही भाषांतून शिकवत आली आहे. शिवाय कानाच्या दुखण्याने बऱ्याच मुलांना कमी ऐकू येतं. मूल नजर न मिळवता गप्प बसलं की नवखा थेरपिस्ट झटकन 'विकासात मागे' असा शेरा मारतो. तिला म्हणावं, आधी नुसतं शेजारी बस.

नात्यांचं मात्र आपल्या लोकांना पटकन कळतं. तिथे नात्यांचे आठ 'स्किन' गट असतात, बायकांची नावं 'न'वरून, पुरुषांची 'ज'वरून: नापालजारी, जापालजारी. पाहुणीलाही कधी एखादं नाव मिळतं, की लगेच तिला आत्या, मावश्या, भाचरं सगळी लागू! जावई आणि सासू तर एकमेकांसमोर येणं टाळतात. (आमच्या घरी हे लागू झालं असतं तर बरंच झालं असतं.)

आणि बाहेरच्यांबद्दल लोक सावध असतील, त्याचं तिने मनाला लावून घेऊ नये. २००७ मध्ये केंद्र सरकारने 'इंटरव्हेन्शन' (हस्तक्षेप) म्हणून टेरिटरीतल्या अशा वस्त्यांमध्ये लष्करासकट माणसं पाठवली. नोव्हेंबर २०१९ मध्ये युएन्डमूतच पोलिसाच्या गोळीने 19 वर्षांचा मुलगा गेला. त्या घरांतली माणसं तिला रोज दुकानात भेटतील.

ओवीची_आई:
दोघांचे आभार. बोलावणं कुणाचं, पैसे कुठे जातात आणि रद्द झालं तर काय, अशी मेल आज लेकीनेच विद्यापीठाला टाकली. उत्तर येईपर्यंत स्टॉल थांबवलाय. रुसली आहे, पण ठीक. आता जेवणाचं सांगा, ती शाकाहारी आहे.

लालमाती:
डाळ-तांदूळ अ‍ॅलिसमधूनच भरून घ्या. वस्तीतल्या दुकानात सगळं ट्रकने येतं, भाजी महाग आणि गाडी चुकली तर शिळी. कुकर मात्र लहान द्या, बाकीच्या मुली रोज तिच्याच ताटात डोकावणार.