गोव्यात सूर्यास्ताची बोट हवी आहे, दोघांसाठी, डीजे नसलेली

वडगावचा_लूमवाला

नमस्कार मंडळी. विषय जरा लाजायचाच आहे, पण विचारालोय. येत्या डिसेंबरात आमच्या लग्नाला दहा वर्षं होतात. बायकोला संध्याकाळी बोटीतून फिरवून आणायचंय. दोघंच. पोरं आजीकडं राहणार, एवढं मात्र पक्कं झालंय.

तुम्ही म्हणाल, बेळगावचा माणूस असून गोव्याचं काय विचारतोस. खरं सांगतो, लग्नानंतर पंधरा-वीस वेळा तरी गोव्याला गेलो असू, पण समुद्रात सूर्य बुडताना एकदाही बघितला नाही. आमची ट्रिप म्हणजे पहाटे निघायचं, मंगेशी करायचं, मिरामारला पाय भिजवायचे, दुपारी मासे, आणि चार वाजले की ड्रायव्हरची भुणभुण चालू. "चला ओ, चोर्ला घाट उजेडात चढायला पाहिजे." त्यामुळं आमचा सूर्य दरवेळी कणकुंबीच्या आसपास झाडांतच मावळतो. तोही मी एकटाच बघतो, कारण बायकोला घाट लागतो आणि ती तेव्हा पिशवी तोंडाशी धरून बसलेली असते.

दोन वर्षांमागं एकदाच मुक्काम केला आणि पणजीला मांडवीवर मोठ्या बोटीत चढलो. माणशी पाचशे रुपये. वरच्या डेकवर खुर्च्या, स्टेज, डीजे, आणि माईकवर एकजण ओरडतोय, "आता फक्त कपल्स पुढं या!" आधी लहान पोरांचा नाच झाला, मग कपल्सचा, मग नुसत्या बाप्यांचा. ह्या सगळ्यात सूर्य कुठल्या बाजूला आहे हे शोधेपर्यंत गेला की तो. साड्या विणायचा धंदा आपला, दिवसभर माझ्या कानात सोळा लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खडखड असते ओ. पैसे देऊन वर आणखी खडखड कशाला? बायको म्हणाली, "ह्यापेक्षा आपली गल्ली बरी. निदान करंट गेला की गप्प तरी होते."

तर लहान, शांत बोट कुठं मिळेल? आणि घाट लागणाऱ्या माणसाला बोटही लागते का? मालदीव, अंदमान कृपया सांगू नका. तेवढ्या साड्या खपत नाहीत.

खानापूरकर

दादा, मांडवीला नावं ठेवू नका. ती आमची म्हादई. भीमगडच्या रानात, देगावजवळ, खानापूर तालुक्यात उगम आहे तिचा. तीन राज्यं तिच्या पाण्यावरून कोर्टात आहेत, २०१८ ला लवादाचा निकाल लागला तरी भांडण मिटलं नाही, आणि तुम्ही डीजेपायी तिच्यावर रुसला. चूक बोटीची आहे, नदीची नव्हे.

पणजीपुढं ती पश्चिमेकडं तोंड करून समुद्राला मिळते. म्हणजे बोट खाली निघाली की सूर्य नाकासमोर. उजव्या हाताला रेइश मागूशचा किल्ला, त्याच्या पुढं आग्वाद, डाव्या हाताला मिरामार. मोठ्याच बोटीत जायची वेळ आली तर स्टेजकडं पाठ करून पुढच्या कठड्याला उभं राहायचं, कोण बोलावलं तरी हलायचं नाही.

दुसरं म्हणजे "सनसेट" हे नाव बघून तिकीट काढू नका, सुटायची वेळ विचारा. मे महिन्यात सूर्य बुडायला सात वाजत येतात. डिसेंबरात सहा वाजून थोड्याच मिनिटांत कारभार आटोपतो. सहाची सनसेट बोट डिसेंबरात धरणं म्हणजे जत्रा उठल्यावर पाळण्यात बसणं. तुमचं बहुतेक तेच झालं असणार.

संकेश्वरी_मिरची

दहा वर्षांनी बायकोला घेऊन बोटीत? आम्ही सोळा वर्षं एकाच बोटीत आहोत, उतरायला कुठं जेटीच येईना.

कारवारची_लेक_निपाणीची_सून

लूमवाले भाऊ, गोवा सोडा आणि कारवारला जा. माहेर म्हणून सांगत नाही... बरं, माहेर म्हणूनही सांगते. पण माझे बाबा चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचे म्होरके, होते, त्यामुळे पाण्यातलं थोडं कळतं.

काळी नदी तुमच्या रस्त्यावरचीच. रामनगर, जोयडा करत अणशी घाटातून उतरलात की ती तुमच्या सोबतीनेच समुद्राकडे येते. कारवारला मुखाशी एका अंगाला सदाशिवगडाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला कोडीबाग, आणि बाहेर समुद्रात कूर्मगडासारखी बेटं. २०२४ च्या ऑगस्टात जुना पूल मध्यरात्री कोसळला, ट्रक नदीत गेला, ड्रायव्हर बचावला, ते बातम्यांत बघितलं असेल. तीच जागा. तिथे मच्छीमारांच्या लहान होड्या माणसं फिरवतात. स्टेज नाही, माईक नाही.

आता मुख्य गोष्ट. सगळे तारीख बघून बोट ठरवतात. बाबा तिथी बघायचे. तिथीला पाऊणपट करा, ती त्या दिवशीची पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण नुसतं फिरायला जाणाऱ्याला एवढं पुरे.

म्हणजे पौर्णिमेला भरती अकरा-सव्वाअकराला, आणि संध्याकाळी सूर्य बुडायच्या सुमाराला सुकती, म्हणजे पुरी ओहोटी. पाणी उतरलेलं असतं, वाळूचे दांडे वर आलेले असतात, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे ओढही जास्त. अष्टमीला उलट. भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी, पाणी मवाळ, आणि संध्याकाळी सहाला नदी भरलेली. भरती पुरी झाली की पाणी थोडा वेळ उभं राहतं. तेवढ्यात इंजिन बंद करायला सांगायचं. होडी वाहून जात नाही, आहे तिथेच राहते. तुम्हाला जी शांतता पाहिजे ना, ती ह्या दहा-पंधरा मिनिटांत असते, पॅकेजात नसते.

वहिनींना बोट लागेल का? घाट लागतो त्यांना लागू शकते, पण नदीत सहसा नाही. मुखाच्या बाहेर काढायचंच नाही होडीला. दुपारभर समुद्रावरून वारा येतो आणि ओहोटीचं पाणी बाहेर निघत असलं की मुखावर दोघांची टक्कर होते. तिथे माझ्या भावालाही उलट्या होतात आणि तो तांडेलाचा मुलगा. होडीच्या मधोमध खाली बसवा, मोबाईल बघू देऊ नका, लांब डोंगराकडे नजर ठेवायला सांगा. डिझेलचा धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला बसा. पोट रिकामंही नको आणि माशांनी भरलेलंही नको.

आणि लाइफ जॅकेट. मांडीवर ठेवायला नाही, घालायला. सगळे बक्कल लावून. २०२४ च्या डिसेंबरात गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, किती माणसं गेली. फोटोत जाड दिसतो म्हणून काढणारे नवरे मी डोळ्यांनी बघितलेत. अंधार पडल्यावर होडीवर दिवा लागतो का, तेही चढायच्या आधीच बघून घ्या.

दुसऱ्या_गेटजवळ

ताईंचा तो पाऊणपटीचा हिशेब मला सहा वर्षांपूर्वी कोणी सांगितला असता तर! आम्ही देवबागला, तारकर्लीच्या पुढं, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं गेलेलो. मुद्दाम पौर्णिमा धरून. माझं डोकं असं की पौर्णिमेला सूर्य बुडायला आणि चंद्र उगवायला एकच गाठ पडते, होडीत बसलं की एका अंगाला हा, दुसऱ्या अंगाला तो. हे खरंच आहे, मी नंतर बघितलंही.

पण होडी साडेपाचला वाळूवर चढली ती चढलीच. होडीवाला पाण्यात उतरून ढकलतोय, मी ढकलतोय, माझी नवी पँट मांडीपर्यंत ओली, हिची चप्पल गेली. होडीवाला म्हणाला, "पाणी येयत तेवा जाव्या." सव्वा तास बसलो तिथं. दोघं वाळूच्या ढिगावर, मधे एक भिजलेला पॉपकॉर्नचा पुडा. ही माझ्याशी बोलत नव्हती. सूर्य गेला, मागं माडांच्या वर पिवळाधमक चंद्र आला, तरी बोलत नव्हती. शेवटी होडी तरंगली तेव्हा म्हणाली, "बेळगावात गच्चीवरून पण दिसला असता."

म्हणून चंद्र पाहिजे असेल तर शुद्ध अष्टमी धरा. अर्धा असतो, पण संध्याकाळी बरोबर डोक्यावर असतो आणि पाणीही भरलेलं. आणि हे सगळं ऑक्टोबर ते मे. मालवणकडं मे संपता संपता प्रवासी होड्या बंद करतात, त्या सप्टेंबरशिवाय पाण्यात उतरत नाहीत.

वडगावचा_लूमवाला

सगळ्यांचे आभार. कालनिर्णय काढून बघितलं. आमच्या लग्नाच्या तारखेलाच वद्य अष्टमी आली आहे! म्हणजे चंद्र मध्यरात्री उगवणार, तोपर्यंत आम्ही झोपलेलो असू. पाणी तरी भरलेलं मिळेल. कारवार नक्की केलं. खानापूरकर, म्हादईची माफी मागतो.

खानापूरकर

माफी कसली. जाताना खानापुरात चहाला थांबा.

वडगावचा_लूमवाला

जाऊन आलो. सांगायचं कबूल केलं होतं म्हणून लिहितो.

पहिलं घाटाचं. अणशीत दोनदा गाडी थांबवावी लागली. गोळी खाऊनसुद्धा. कारवारला पोचलो तेव्हा बायकोचा चेहरा लिंबासारखा पिवळा, आणि म्हणते, "आता बोटीचं नाव काढलंत तर बघा." मग तीन तास लॉजवर झोप, उठल्यावर पेज आणि लोणचं. साडेचारला मी काहीच बोललो नाही, नुसती चप्पल घातली. तीही आली.

कोडीबागेच्या बाजूला एक होडीवाला मिळाला, पन्नाशीचा. पहिला ज्याला विचारलं तो माणसं भरल्याशिवाय सोडणार नाही म्हणाला. ह्यानं दोघांचे ठरवून पैसे घेतले, तासाचे. जॅकेटं कळकट होती पण बक्कल शाबूत. मी ताईंचा हिशेब त्याला सांगितला तर हसला, "कुणी शिकवलं?" म्हणाला. निपाणीच्या ताईंनी, म्हटलं. निपाणीत कुठली भरती, असं झालं त्याला.

सव्वापाचला निघालो. पुलाखालून गेलो, जुन्या पुलाचा खांब तिथंच दिसतो. सदाशिवगडाच्या पायथ्याला पाणी झाडांच्या मुळांपर्यंत चढलेलं. सहाला दहा कमी असताना मी त्याला इंजिन बंद करायला सांगितलं.

आता हे कसं सांगू. आमच्या गल्लीत दिवसभर सगळ्यांचे लूम चालू असतात. करंट गेला की सगळे एका दमात थांबतात, आणि पहिलं अर्धं मिनिट कान आतून वाजतात. मग हळूहळू दुसरे आवाज ऐकू येतात, कुणाची तरी कुकरची शिट्टी, शेजारच्या आजीचं खोकणं. तसंच झालं. आधी कान वाजले. मग होडीच्या बुडाला पाणी थापटतंय ते ऐकू आलं, मग लांब काठावर कुणीतरी कुत्र्याला हाक मारतंय ते. बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "करंट गेला." एवढंच. तिला आणि मला दोघांनाच कळलं, होडीवाला आपला बॅटरी चाचपायला लागला.

सूर्य खरंच पटकन जातो हो. बेटाच्या जरा बाजूला टेकला आणि पुरता जायला अडीच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, मी घड्याळ लावून बघितलं. बायको म्हणाली, इथं पण लूमचा हिशेब? बरोबर नेलेला कुंदा काढला, होडीवाल्यालाही दिला. त्यानं पाण्यात हात धुऊन घेतला आणि अर्धा कागदात बांधून घरी न्यायला ठेवला. पाणी फिरायला लागलं तसं होडीचं तोंड आपोआप वळायला लागलं, तेव्हा त्यानं इंजिन ओढलं. धक्क्याला लागेपर्यंत पुरता अंधार. दिवा होता, पण तो होडीवाल्याच्या डोक्याला बांधलेला.

बोट लागली नाही. परतीचा घाट लागलाच.

दुसऱ्या गेटवाले भाऊ, त्या होडीवाल्याचा नंबर इथं उघड्यावर टाकत नाही, पर्सनलला विचारा. पौर्णिमा सोडून कधीही या म्हणालाय.