आंबोलीचा भेक: दुसऱ्या सड्यावर नेऊन वाचवता येईल का?

पाऊसपाणी
नमस्कार. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सावंतवाडीहून आंबोलीला जाताना घाट संपल्यावर रात्री नऊच्या सुमारास गाडी कडेला घ्यावी लागली, कारण ओल्या डांबरावर जागोजागी लहान बेडूक बसलेले होते. बॅटरीच्या उजेडात पाहिले तेव्हा त्यांतले बरेच आधीच चिरडलेले दिसले. जिवंत सापडलेल्यांपैकी एक अंगठ्याच्या पेराहून थोडा मोठा होता आणि त्याच्या कुशीवर वाघासारखे पिवळे-काळे आडवे पट्टे होते. तो आंबोलीचा भेक, म्हणजेच झँथोफ्राइन टायग्रिना, असे मुक्कामाच्या घरी कळले. ही जात आंबोली परिसराबाहेर जवळजवळ कुठेच आढळत नसेल, तर यांतले काही भेक चौकुळच्या पुढे किंवा कोल्हापूरकडच्या एखाद्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, नेऊन सोडता येणार नाहीत का? ते पट्टे अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत, म्हणून विचारतो आहे.

जांभ्याचा सडा
तुमची तळमळ समजते, पण कृपया तसे करू नका. 2009 मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन झाले आणि त्याच वेळी 1963 पासून ज्ञात असलेल्या कोयनेच्या भेकासह तिच्यासाठी झँथोफ्राइन ही नवी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मांडली गेली. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तिची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली, ती मुख्यतः तिचा वावर इतका तोकडा आहे म्हणून. हा वावर तोकडा का आहे, हे तिच्या विणीकडे पाहिल्यावर कळते.

वळवाच्या सरी आणि मृगाचा आरंभ यांदरम्यानच्या मोजक्या दिवसांत हे भेक जांभ्याच्या उघड्या कातळावर जमतात आणि मादी तिथल्या उथळ खळग्यांत अंडी घालते. मी पाहिलेला एक खळगा तळहाताएवढा होता, त्यात बोटाचे जेमतेम एक पेर बुडेल इतके पाणी होते आणि तळाशी काळ्या ठिपक्यांसारखी अंडी होती. शेताच्या बांधावर दिसणाऱ्या नेहमीच्या भेकाची मादी एका वेळी हजारो अंडी घालते, तर ही मोजकीच घालते. त्यामुळे पावसाने चार दिवस ओढ दिली आणि खळगा आटला, तर त्या मादीची वर्षाची वीण गेलीच म्हणून समजा. शेजारच्या ओढ्यात भरपूर पाणी असते हे खरे, पण तिथे मासे, खेकडे आणि वेगाचा प्रवाहही असतो. उथळ खळग्यात कोरडे पडण्याचा धोका असला तरी या शत्रूंपासून पिल्ले बरीचशी सुटतात, असा माझा कयास आहे. दुसऱ्या सड्यावर कातळाचा उतार, पावसाचा क्रम आणि खळगे टिकण्याचा काळ असाच जुळेल याची खात्री कोण देणार? शिवाय वन्यप्राणी उचलून अन्यत्र सोडणे हे वन विभागाच्या परवानगीशिवाय करायचे काम नव्हे.

रानवाट
वरील उत्तरात एक भर घालतो. बेडूक इकडून तिकडे नेताना त्यांच्यासोबत रोगही जातात. कायट्रिड नावाच्या बुरशीने जगभर बेडकांच्या शेकडो जातींची संख्या घटवली असून ही बुरशी सह्याद्रीतल्या बेडकांवरही आढळली आहे, जरी मध्य अमेरिकेसारखी मोठी मरतूक आपल्याकडे नोंदली गेलेली नाही.

छोट्या पट्ट्यात राहणाऱ्या जातीचे काय होऊ शकते, हे कोस्टारिकातील मॉन्टेव्हर्दे येथे दिसले. तिथल्या ढगांच्या जंगलातल्या सोनेरी भेकाचे 1987 मध्ये दीड हजाराहून अधिक नग विणीसाठी जमलेले पाहिले गेले, पुढच्या वर्षी ही संख्या दहाच्या आसपास आली, आणि 1989 मध्ये एकच नर दिसला. त्यानंतर तो कोणालाही दिसलेला नाही. तो संरक्षित जंगलात होता, म्हणजे कुंपण घालून सगळे धोके थांबतात असेही नाही. आंबोलीच्या भेकाची दरवर्षी, त्याच खळग्यांपाशी, त्याच दिवसांत मोजणी होत राहणे मला म्हणूनच सर्वांत निकडीचे वाटते. घट एका वर्षात झाली तर ती त्याच वर्षी कळायला हवी.

आंबोलीतला रहिवासी
माझे घर इथलेच आहे, म्हणून डोळ्यांसमोरचे सांगतो. पर्यटकांना सडा म्हणजे ओसाड जागा वाटते आणि ते सरळ कातळावर गाड्या चढवतात. एका मोटारीच्या चाकाखाली किती खळगे जातात, हे चालकाला कळतही नाही. पहिल्या पावसाच्या रात्री भेक सड्याकडे जाण्यासाठी रस्ता ओलांडतात आणि नेमकी त्याच शनिवार-रविवारी धबधब्याची गर्दी सुरू होते.

इथल्याच हिरण्यकेशी देवस्थानच्या कुंडातल्या एका दुर्मिळ माशासाठी शासनाने 2021 मध्ये 2.11 हेक्टर क्षेत्राला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. त्यासाठी गाव हलवावे लागले नाही, देवदर्शनही थांबले नाही. विणीच्या सड्यांसाठी ग्रामस्थांना विश्वासात घेऊन अशीच मागणी करता येईल. तोवर ज्यांना यायचे आहे त्यांनी पावसाळ्याच्या आरंभी रात्री सातनंतर इथे गाडी चालवणे टाळावे, सड्यावर पायी जातानाही खळग्यांत पाय घालू नये, आणि फोटोसाठी भेक हातात घेऊ नये.

पाऊसपाणी
आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. भेक दुसरीकडे सोडण्याचा विचार मी सोडून दिला आहे. पुढच्या वर्षी मृगात येणारच आहे, पण सावंतवाडीला मुक्काम करून सकाळी उजाडल्यावर घाट चढेन. खळग्यांच्या मोजणीसाठी माणसे हवी असतील, तर त्या दिवसांत मी चार दिवस रजा काढून येऊ शकतो.